एक बोट बुटकी खुर्ची

आमच्या शेजारचे सुतारभाऊ परराष्ट्र कचेरीत खुर्च्या-टेबलं सांभाळायचे. लोकांना जगाच्या घडामोडी पेपरातून कळतात, ह्यांना खुर्च्यांवरून कळायच्या.

आपलं सरकार म्हणजे बडं प्रस्थ. समुद्रापलीकडचं एक राज्य आपल्या बाजूचं, तिथल्या बंदरात आपली जहाजं. त्या जोरावर आपण जुन्या वैऱ्याला हिंग लावून विचारत नव्हतो. त्यांची माणसं बोलणी करायला आली की त्यांच्या खुर्च्या आपल्यापेक्षा एक बोट बुटक्या! साहेबांचा हुकूमच तसा. गुडघे वर येऊन बिचारे अर्ध्या तासात उठायचे.

आणि एका सकाळी पलीकडचं राज्यच उलटलं. नवे कारभारी म्हणाले, जहाजं हलवा. हलवणार कुठून? वाट त्या वैऱ्याच्या खाडीतून! आणि एका जहाजावर भाऊंचा एकुलता एक लेक.

आठ दिवस भाऊंच्या जिवाला थारा नाही. रंधा उचलायचा, खाली ठेवायचा. वहिनी म्हणायची, "अहो, बसा की घटकाभर."

"बसवतंय कुठं!"

नवव्या दिवशी साहेब धावत आले. "भाऊ, उद्या खाडीच्या वाटेचं बोलायला त्या वैऱ्यांचा मंत्री येतोय. सगळ्या खुर्च्या सारख्या करा."

"त्यांच्या वाढवू कशा? पायांना तुकडे जोडले तर डुगडुगतील. आपल्याच कापाव्या लागतील साहेब, एक-एक बोट."

"आपल्या मंत्र्यांची खुर्ची कापायची?" साहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

"नाहीतर पाहुण्यांना उभं ठेवा."

साहेबांनी पाठ फिरवली. "कापा. मी काही बघितलं नाही."

दुसऱ्या दिवशी दालनाचं दार लागलं. भाऊ बाहेर येरझारा घालतायत. अर्धा तास झाला. तास झाला. चहावाली बाई बाहेर आली तशी विचारलं, "कुणी उठलं का गं?"

"नाही बाई. तुमचं काय हरवलंय का आत?"

दोन तास. तीन तास. बाई पुन्हा दिसली. "अजून बसलेत?"

"चांगले ऐसपैस. त्या पाहुण्यानं तर कोट काढून खुर्चीला अडकवलाय."

भाऊ तडक घरी. "पोराची गादी उन्हात टाक!"

वहिनी दचकली. "फोन आला त्याचा?"

"नाही गं." चपला काढल्याच नव्हत्या, तसेच वळले. "एका पायाला पॉलिश पेपर मारायचा राहिला की काय... आत्ता बघून येतो."

वहिनीनं गादी उचलली.