डाव्या कप्प्यातले ठिगळ

दोघे साडू एकमेकांना पाण्यात पाहत, आणि तरी वीस वर्षे एकाच छंदात होते: जुनी विमाने ओळखण्याच्या. थोरला विमानदुरुस्तीच्या कारखान्यात पत्रे जोडून निवृत्त झालेला फिटर. धाकटा महाविद्यालयात इतिहास शिकवणारा प्राध्यापक आणि विमानप्रेमी मंडळाचा अध्यक्ष. प्राध्यापक विमान ओळखे ते छायाचित्रांवरून, शेपटीवरच्या क्रमांकावरून; फिटर ओळखे पत्र्याच्या सांध्यांवरून, त्यांतल्या रिव्हेटच्या खिळ्यांवरून. ‘माझ्या हातचा एकही रिव्हेट कधी वाकडा गेला नाही,’ हे वाक्य त्याने घरच्या प्रत्येक जेवणात धाकट्याच्या पुस्तकी ज्ञानावर मिठासारखे चोळले होते.

महाविद्यालयाच्या फाटकाशी चौथऱ्यावर एक जुने लढाऊ विमान उभे होते. त्याच्या फलकासाठी प्राध्यापकाने शेपटीवरच्या आकड्यावरून सारा इतिहास लिहिला आणि मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवला. मागच्या खुर्चीवरून फिटर म्हणाला, शेपटी त्या विमानाची असेल, धड दुसऱ्याचे आहे. कारखान्यात शेपट्या सर्रास बदलत, आणि पुढे रंगाऱ्याने दिसला तो आकडा गिरवला.

“पुरावा आहे,” प्राध्यापकाने चष्मा पुसत विचारले, “की साडूबुवांना साक्षात्कार झाला?”

सभासद हसले. पुरावा होता, पण तो दाखवणे म्हणजे आपल्याच हाताने आपले नाक कापून घेणे. त्या धडाच्या डाव्या चाकाच्या कप्प्यात फिटरने तरुणपणी एक ठिगळ लावले होते. रिव्हेट घाईत तिरके बसले, आणि तपासनीस येण्यापूर्वी त्याने वरून रंग मारून वेळ निभावली. आता मूग गिळले असते तर ते वाक्य शाबूत राहिले असते. पण मग हा माणूस दगडात खोटे कोरणार, आणि वर आपल्याला हसणार.

“शिडी आणा,” तो म्हणाला. “डाव्या कप्प्यात माझं ठिगळ आहे. वाकडं आहे. कुठल्या विमानाला लावलं, ते मंडळाच्या, तुमच्याच कपाटातल्या कारखान्याच्या दुरुस्ती-नोंदींत पाहा.”

सारे फाटकाशी गेले, शिडी लागली, आणि प्राध्यापक स्वतः चढला. बराच वेळ विजेरी आत फिरत राहिली. मग कपाटातली नोंदही निघाली: ठिगळ तेच, विमान दुसरे. इतिहासाचे कागद फाडताना हरलेल्या माणसाची छटाही त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. “आहे,” तो म्हणाला. “आणि भलतंच वाकडं आहे.”

फलकावर खरा क्रमांक आला. महिन्याभराने मंडळाच्या पुस्तिकेचे कच्चे मुद्रित फिटरच्या घरी तपासायला आले. त्यात छापले होते: ‘ओळखीची खूण: डाव्या कप्प्यातील ठिगळ, तीन रिव्हेट वाकडे. सदोष काम.’ पुढे फिटरचे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

“मी ताईला… नाही, धाकटीला आता कुठल्या तोंडानं भेटू?” बायको इतकी चिडली की बहिणीचे नातेही चुकली. “निदान नाव तरी खोडा.”

फिटरने लाल पेन घेतले. नावाला हात लावला नाही. ‘तीन’ खोडून ‘चार’ केले आणि समासात लिहिले: ‘मोजता येत नसेल, तर शिडीवर चढू नये.’