फिकट हिरड्या

जनावरांच्या दवाखान्यातली ड्रेसरबाई चव्वेचाळिसाव्या वर्षी विद्यापीठात शिकायला गेली, ती काही ज्ञानाची तहान लागली म्हणून नव्हे. ज्या मुलीला तिने हाताला धरून जखम धुवायला शिकवलं, तीच मुलगी पदवीच्या जोरावर तिची वरिष्ठ झाली आणि एक दिवस चारचौघांत म्हणाली, "बाई, टाके जरा नीट मोजत जा." बाईने मुकाट्याने टाके मोजले आणि दुसऱ्या दिवशी प्रवेशाचा फॉर्म आणला. विषय शरीरक्रियाशास्त्र, माणसाचं आणि प्राण्यांचं. वीस वर्षं जनावरांत काढली, म्हणजे निदान अर्धा अभ्यास तरी ओळखीचा निघेल, असं तिला वाटलं.

तसा तो निघालाही. एका तासाला मॅडमनी विचारलं, "गाईचं पोट नीट चाललंय, हे कसं ओळखाल?" सगळा वर्ग पुस्तकं चाळू लागला. मागच्या बाकावरून ती म्हणाली, "डाव्या कुशीत मूठ दाबून धरायची. दोन मिनिटांत तीनदा मूठ उचलली गेली की गाय बरी. एकदाच उचलली, तर डॉक्टरांना हाक मारायची." त्या दिवसापासून एकोणीस-वीस वर्षांच्या त्या वर्गाची ती मावशी झाली.

उरलेल्या अर्ध्याने मात्र तिचा जीव काढला. सकाळी सहा ते अकरा दवाखाना, बारा ते चार वर्ग, मग घर. मूत्रपिंडाचं एकच पान ती चार-चारदा वाचायची आणि तळाशी पोचेपर्यंत वरचं पुसलं जायचं. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. मधल्या वळणावर ती थांबायची आणि पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करायची. धाप लागल्याचं कोणाला कळू नये, एवढ्यासाठीच.

नवरा बस चालवायचा. माणूस वाईट नव्हता, पण जेवल्यावर स्वतःचं ताट उचलायचं असतं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. "झेपत नाही तर सोड ना," तो म्हणायचा. "या वयात डोक्यात शिरायचं नाही ते."

तिलाही तसंच वाटू लागलं होतं. आपण मठ्ठ आहोत, आळशी आहोत, वय झालंय. सोडायचंच, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. फक्त तो महिना संपू द्यायचा होता.

त्याच महिन्यात रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायचं प्रात्यक्षिक आलं. ज्याने त्याने आपलं बोट टोचायचं, थेंबभर रक्त नळीतल्या आम्लात सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि मग थेंबथेंब पाणी घालत बाजूच्या काचेशी रंग जुळवायचा. रंग जुळला की नळीवरची खूण वाचायची. तिच्या जोडीला वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी होती. तिला सगळे चिमणी म्हणत. चिमणीचं पाणी घालून संपेना. मावशीचा रंग सात-आठ थेंबांतच जुळला.

"मावशी, चुकलं तुमचं," चिमणी म्हणाली. "सहा पॉइंट दोन कसं येईल?"

मॅडम आल्या. "पुन्हा करा. रक्त कमी घेतलं असेल."

तिने दुसरं बोट टोचलं. पुन्हा सहा पॉइंट दोन. तिसऱ्यांदा मॅडमनी स्वतः केलं आणि नळी उजेडाकडे धरून खूण दोनदा वाचली. मग त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"पाळी किती दिवस असते?"

"दहा-बारा. या वयात बायकांचं असतंच की."

"नसतं, मावशी. निम्म्या रक्तावर चालताय तुम्ही. जिने कसे चढता?"

ती हात धुवायला म्हणून बेसिनपाशी गेली. वर आरसा होता. टेबलावर आलेल्या प्रत्येक कुत्र्याचा ओठ ती सगळ्यात आधी वर करून बघायची, तिथे सगळं कळतं म्हणून. आज तिने स्वतःचा ओठ वर केला. हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या. असं कुत्रं दवाखान्यात आलं असतं, तर तिने रांग मोडून त्याला आधी आत घेतलं असतं. तिथेच बेसिनला टेकून ती रडली. आजारी आहोत म्हणून नव्हे. आपण आळशी नव्हतो, म्हणून.

तपासण्या झाल्या. गर्भाशयात गाठी निघाल्या. दोन पिशव्या रक्त चढलं, ऑपरेशन झालं, परीक्षा बुडाली. इस्पितळातल्या खाटेशेजारी नवरा खाली मान घालून बसला होता.

"चालती-फिरती तर होतीस," तो म्हणाला.

"चालतच होते," ती म्हणाली.

वर्ष वाया गेलं. चिमणी पुढच्या वर्गात गेली, पण आपल्या वह्या मावशीच्या हवाली करून. पाच महिन्यांनी आकडा साडेअकरावर आला. मूत्रपिंडाचं पान एका वाचनात डोक्यात राहिलं, तेव्हा तिने पुस्तक मिटून पुन्हा उघडलं आणि खात्री करून घेतली.

पण एका संध्याकाळी, कणीक मळता मळता, तिचे हात पुन्हा जड झाले. रक्त तर आता पुरेसं होतं. तिने हात धुतले आणि नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"औषधाने जायचा होता तो थकवा गेला," ती म्हणाली. "आता जो उरलाय, तो या घरातला आहे. तो गोळीने जायचा नाही."

 तो उठून ओट्यापाशी गेला. त्या रात्रीच्या पोळ्या कोणाच्याही घशाखाली उतरण्यासारख्या नव्हत्या, तरी तिने दोन खाल्ल्या. तो रोज उठतो असं नाही. आठवड्यातून तीनदा, फार तर चारदा.

पहिलं वर्ष ती चोपन्न टक्क्यांनी पास झाली. अजून दोन वर्षं आहेत. तोवर ती दवाखान्यात टाकेच मोजते.