एका जपानी अक्षरासाठी पाटण ते सांगली

पाटणहून सांगलीला एसटीनं जायचं तर कऱ्हाडला गाडी बदलून चार तास धरावेत. फोन लावला असता तर अर्ध्या मिनिटात काम झालं असतं. मी एसटीनं गेलो.

आमचा मुलगा विक्रम शिरवळच्या एका कारखान्यात इंजिनियर होता. कंपनीनं त्याला सहा महिन्यांसाठी जपानला धाडलं. त्यानं तिथंच लग्न केलं, तिथंच राहिला आणि मला फोटो पाठवला. मी फौजेत चोवीस वर्षं काढली आहेत. न विचारता केलेल्या गोष्टीवर मी बोलत नाही, म्हणून दोन वर्षं बोललो नाही. चार महिन्यांपूर्वी घरच्या ग्रुपवर बाळाचा फोटो आला, खाली नाव म्हणून एकच अक्षर: 幸. सगळ्या नातेवाइकांनी 'फार छान नाव' म्हणून कळवलं. वाचता एकालाही आलं नव्हतं.

बायको विक्रमशी रोज बोलते, तिला नाव माहीत आहे. मी विचारलं तर भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, पोराला इचारा की. तोंड हाय न्हवं तुमाला?" मोबाइलनं अर्थ 'सुख' सांगितला, पण उच्चार दोनदा विचारल्यावर दोन वेगळे सांगितले. मला नातीला वाटी पाठवायची होती, आणि आपल्याकडे भांडं नाव घातल्याशिवाय देत नाहीत. सांगलीत जपानी शिकवणाऱ्या एक बाई आहेत असं कळलं, म्हणून निघालो.

पासष्ट ओलांडलेल्यांना अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड जवळ ठेवा. कऱ्हाड स्टँडवर वडापाव बरा मिळतो, चहा नुसता गोड. पेठ नाक्यापासून पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागून जावं लागतं, हंगामात तासभर जादा धरा. मी वहीत अक्षर गिरवत होतो. शेजारी आष्ट्याला उतरणारा एक गडी होता. तो बराच वेळ बघत राहिला.

"पवनचक्की काढताय व्हय?"

"न्हाई. नातीचं नाव हाय."

"मग जरा नीट काढा की."

सांगलीत हळदीच्या पेठेत चौगुले मॅडम राहतात. खाली दिरांचा हळदीचा व्यापार, वरच्या मजल्यावर या जपानला नोकरीला जाणाऱ्या मुलांना भाषा शिकवतात. जिना चढेपर्यंत मला चार शिंका आल्या. त्यांनी आधी पाणी दिलं, मग अक्षर आठ रेघांत काढून दाखवलं. आधी आडवी, मग उभी, आणि सगळ्यात शेवटी खालची लांब उभी. माझी सातवी रेघ त्यांनी तीनदा खोडली.

"काका, हे अक्षर चीनमधनं आलंय," त्या म्हणाल्या. "माहेरचा उच्चार 'को', जरा लांबवून. सासरी आल्यावर दुसरे लागले. 'साची' म्हणतात, 'शिआवासे' म्हणतात. मुलीचं नाव असलं तर 'युकी'सुद्धा होतं, 'मियुकी'सुद्धा."

"मग आमच्या पोरीचं कुठलं?"

"ते आईबापच सांगणार. जपानी माणूससुद्धा नाव बघून विचारतो, हे कसं वाचायचं म्हणून. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं असावं. मला ते लागलं. त्यांनी फी घेतली नाही, उलट हळदीची पुडी दिली.

बाजारात भांड्यांच्या दुकानात स्टीलची वाटी घेतली. चांदी काळी पडते. नाव घालणाऱ्यानं मशीन सुरू केलं, माझ्या वहीत बघून आठही रेघा बरोबर काढल्या आणि मशीन बंद केलं.

"खाली मराठीत काय घालू?"

"एवढंच ऱ्हाऊ द्या."

"आवं, पंगतीत वाटी बदलली तर कुनाची म्हनून हाक मारायची? पोरीचं नाव काय?"

"ठाऊक न्हाई," मी म्हणालो.

त्यानं वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वाटी बाजूला ठेवून दुसऱ्या गिऱ्हाइकाची कळशी घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नात चार महिन्यांची झाली होती आणि तिला हाक काय मारायची हे मला सांगता येत नव्हतं.

दुकानाच्या पायरीवर उभं राहून फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"आबा?"

"नाव काय?" दोन वर्षांनी बोलायला सुरुवात म्हणून हे काही बरं वाक्य नव्हतं.

"कुनाचं?"

"आपल्या पोरीचं."

विक्रम म्हणाला, "साची."

"साची," मी म्हणालो. मग त्याला वाटीचं सांगितलं.

"आबा, तुमचं नावबी घाला त्याच्यावर. मराठीत."

"तिला कुठं वाचता येनार हाय?"

"मला इचारंल की. मी सांगीन."

मी आत जाऊन दोन्ही नावं घालायला सांगितली.

घरी पोचायला अंधार झाला. भडंग आणलं होतं, ते बायकोनं बाजूला ठेवलं आणि वाटी दिव्याखाली धरून वाचली. दोन वर्षं मी फुकट घालवली. ताठपणानं मिळालं काहीच नाही, मानेला सवय तेवढी लागली.

रविवारी विक्रमनं व्हिडिओवर पोर दाखवली. भिंतीकडे बघत होती. मी "साची" म्हणालो. तिनं वळून माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा तेच म्हणालो.