अश्विनच्या वाट्याची मूठ

धान चुरून झाले, पुंजण्यांचे ढीग उचलले गेले, बांध्यांमध्ये नुसती धसकटे उरली, की बोरटोल्याला जरा उसंत मिळते. ब्रह्मपुरीहून जीपने पाऊण तासावरचे हे गाव. मागे जंगल, पुढे धानाची शेते, मध्ये दोन वस्त्या. या गावात शुक्रवारची सकाळ गेली बारा वर्षे धुरपताबाईंची आहे. डोईवर बांबूची टोपली, कपाळी बुक्का, पायांत झिजून कागद झालेल्या चपला आणि ओठांवर अखंड नाम, अशा त्या निघतात, आणि घराघरांतून मूठ गोळा करतात.

या मुठीची रीत सांगितली पाहिजे. चुलीवर आधण ठेवून घरची बाई तांदूळ मोजून घेते. त्या मोजलेल्या तांदळातली एक मूठ ती परत काढते आणि चुलीजवळच्या गाडग्यात टाकते. कोठीतली मूठ चालत नाही. शिजायला निघालेल्यातलीच लागते. कोठीतले देणे म्हणजे उरलेले देणे. शिजायला निघालेल्यातले देणे म्हणजे आपल्या ताटातले देणे. आणि ताटातले दिल्याखेरीज दान कसले? देव तरी त्याला दान कसा म्हणेल? आठ दिवसांचे ते गाडगे शुक्रवारी ओट्यावर येते, टोपलीत रिते होते, आणि दुपारच्या जीपने तो तांदूळ ब्रह्मपुरीला जातो. तेथे दवाखान्यामागच्या एका गल्लीत आजाऱ्यांच्या सोबतीला आलेल्या माणसांना रोज गरम भात आणि वरण वाढले जाते. कोणी दिले, कोणी विचारत नाही. कोणी खाल्ले, कोणी लिहून ठेवत नाही.

पिंपळाच्या पारावर बसलेला म्हातारा झिंगू त्यांना दर शुक्रवारी डिवचतो.

"आली पाहा! आमच्या तोंडचा घास काढाले आली."

"तुह्या पोटाकडे पाहून त कोणी म्हणणार नाई झिंगूभाऊ, का घास कमी पडून राह्यला म्हणून!"

पार हसतो, झिंगू हसतो, आणि घरात ओरडून सांगतो, "अवं, गाडगं काढ बाहेर! सावकारीण उभी हाय."

धुरपताबाईंच्या आधी ही मूठ भजनी मंडळातले पुरुष गोळा करीत. तेव्हा टोपली वरच्या वस्तीतच फिरे. खालच्या बौद्ध वस्तीत ती जात नसे, आणि कधी गेलीच तर तेथला तांदूळ वेगळ्या पोत्यात पडे. नवरा गुणवंतराव वारले, सून चंचलने घर हाती घेतले, धुरपताबाईंचे हात मोकळे झाले, आणि टोपली त्यांच्याकडे आली. पहिल्याच शुक्रवारी त्या सरळ खाली उतरल्या आणि अठरा घरांचा तांदूळ त्यांनी त्याच टोपलीत घेतला.

"एकाच टोपल्यात वं बाई?" वरच्या आळीतल्या एकीने विचारले.

"शिजल्यावर कोणता दाणा कोणाचा, सांगशील काय तू?" धुरपताबाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या. वाद त्यांनी घातला नाही. पायांनीच त्यांनी तो जिंकला.

खालच्या वस्तीतले शेवटचे घर अंजनाबाईंचे. नवऱ्याचे नाव खुशाल; कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यात कामाला, महिन्या-दीड महिन्याने येणारा. थोरली संघप्रिया शिकवणी घेणारी. आणि धाकटा अश्विन. लहानपणापासून सिकलसेलचा आजार. हातापायांच्या काड्या, डोळे पिवळट, आणि त्या पिवळट डोळ्यांत सदा काहीतरी खट्याळ हलत असलेले. घराच्या ओट्यावरच त्याने झेरॉक्सचे मशीन मांडले होते. साऱ्या गावाची आधार कार्डे आणि सातबारे त्याच्या हातून निघत.

घरोघरी मूठ बाई काढते. या घरी ती अश्विन काढी. संध्याकाळी आई तांदूळ मोजू लागली की हा हात पुढे करी.

"आई, माह्या वाट्यातली काढतो मी. मी तसाबी अर्धाच खातो."

"खात नाई म्हणूनच असा वाळून राह्यला!" अंजनाबाई करवादत.

"मंग माह्या हातून कोणी दुसरा त जाडा होऊ दे."

शुक्रवारी गाडगे घेऊन तो स्वतः पायरी उतरे. "आजी, हे माहं." बाकी घरे म्हणत, हे आमचे. हा म्हणे, हे माझे. धुरपताबाई त्याच्या तोंडावरून हात फिरवीत आणि मनात म्हणत, पांडुरंगा, याला राख.

देवाच्या मनात काय असते ते देवच जाणे. कार्तिकात अश्विनला ब्रह्मपुरीला न्यावे लागले. अकरा दिवस अंजनाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात होत्या. अकरा दिवस त्या गल्लीतला भात त्यांनी खाल्ला. बारा वर्षे ज्या भातासाठी मूठ काढली, तो भात आता त्यांच्या पुढ्यात आला. आडवे पडल्या पडल्या लेकराने आईला विचारले, "आपलाच असन का वं हा तांदूळ?" त्या हसल्या. ते त्यांचे त्याच्यासमोरचे शेवटचे हसणे. शनिवारी सकाळी तो गेला.

धुरपताबाई मातीला गेल्या. मागे, बायकांच्या घोळक्यात उभ्या राहून रडल्या. अंजनाबाईंशी बोलणे झाले नाही. अशा वेळी काय बोलणार? मग शुक्रवार आला.

त्या शुक्रवारी जे झाले, त्यात पाप नव्हते. पण पाप नसूनही माणसाच्या हातून केवढा घाव बसतो! धुरपताबाई जन्मापासून एक नियम पाळत आल्या होत्या. सुतकाच्या घरचे तेरा दिवस काही घ्यायचे नाही. दाणा नाही, पाणी नाही, दान तर नाहीच. यात विटाळाचा भाव त्यांच्या मनात नव्हता. ज्या घराचा माणूस गेला, त्या घरापुढे हात पसरू नये, एवढाच अर्थ त्यांना ठाऊक होता. गुणवंतराव गेले तेव्हा त्यांनी स्वतःच्या घरचे गाडगेही तेरा दिवस पालथे ठेवले होते.

म्हणून त्या सतरा घरे करून अठराव्यापाशी आल्या आणि त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. देवळापुढून जावे तसे त्या घरापुढून जायचे, असे त्यांनी ठरवले होते. ओट्यावर गाडगे दिसले. त्यांना वाटले, रिकामेच असेल, आत न्यायचे राहिले असेल. झेरॉक्सच्या मशीनवर चादर घातलेली दिसली, आणि त्यांना हुंदका आला. पदराचा बोळा तोंडावर दाबून, मान खाली घालून, त्या अनवाणी निघून गेल्या.

दाराच्या आत, अंधारात, अंजनाबाई उभ्या होत्या.

पुढच्या शुक्रवारी धुरपताबाई खाली उतरल्या, तर एकाही ओट्यावर गाडगे नव्हते. पहिले घर रिकामे, दुसरे रिकामे, तिसऱ्या घराने त्यांना पाहून दार ओढून घेतले. अठरा घरांचा दुखवटा आहे, असे त्यांना वाटले. बोअरिंगवर संघप्रिया पाणी भरत होती. तिच्या खांद्यावर हात ठेवायला त्या गेल्या, तर पोरगी बाजूला सरली.

"काऊन आल्या आजी? टोपली बाटन ना तुमची."

"काय म्हणतेस वं बाई?"

"माह्या भावाचं गाडगं ओट्यावर होतं. तुमी नाकाले पदर लावून निघून गेल्या. चपलाबी हातात घेतल्या, का आमच्या ओट्याची धूळ लागू नये!" तिचा आवाज फाटला. "त्या दिवशी त्याचं पुण्यानुमोदन होतं. दुपारी सारी वस्ती जमली, तवा ते गाडगं तसंच भरलेलं होतं. सगळ्यायनं पाह्यलं."

धुरपताबाईंच्या हातातली टोपली खाली आली. बारा वर्षे पायांनी जे कमावले, ते पायांनीच एका सकाळी घालवले होते.

त्या तेथून वर गेल्या नाहीत. सरळ शेवटच्या घरी गेल्या, आणि बारा वर्षांत प्रथमच पायरी चढून आत शिरल्या. हो, प्रथमच. टोपली घेऊन त्या सदा ओट्याशी थांबत. कोणी आत बोलावले नाही असे नाही, पण पुढची घरे असत, जीपची वेळ असे. आज उंबरा ओलांडताना त्यांना जाणवले, की त्या साऱ्या सबबी होत्या.

बाबासाहेबांच्या तसबिरीखाली अश्विनचा फोटो होता. फोटोपुढे गाडगे. अंजनाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. घरात आता मायलेकीच, अश्विनचे वडील कामावर परत गेले होते. दुःखालाही रजा थोडीच मिळते.

"बसा बाई," अंजनाबाई म्हणाल्या. घरी आलेल्याला बसा म्हणायचे, म्हणून म्हणाल्या.

धुरपताबाई जमिनीवर बसल्या. "अंजना, सुतक होतं म्हणून मी घेतलं नाई वं. सुतकाच्या घरचं मागू नये, एवढंच मले माहीत. माह्या घरचंबी मी घेतलं नोतं, माहे मालक गेले तवा."

"आमच्यात सुतक नसते बाई."

"नसते?"

"नाई. बारा वर्षं येऊन राह्यल्या तुमी. कधी विचारलं नाई."

यात राग नव्हता. राग असता तर धुरपताबाईंनी तो पदरात घेतला असता. अंजनाबाईंनीच पुढे विचारले, "आन पदर?"

"रडू आलं होतं वं मले. त्याचं मशीन दिसलं."

अंजनाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. खरे-खोटे पारखायला त्यांना फार वेळ लागला नाही. लेकरामागे रडणारे डोळे दुसऱ्या रडणाऱ्या डोळ्यांना ओळखतात. त्या एवढेच म्हणाल्या, "मले तो नाकाले लावलेला वाटला. आमाले तसंच वाटणार ना बाई. माह्या आजीनं पाह्यलं, माह्या मायनं पाह्यलं. डोळ्याले सवय हाय."

धुरपताबाईंनी त्यांचे पाय धरायला हात पुढे केले. अंजनाबाईंनी ते हात वरच्यावर धरले. आणि मग दोघी रडल्या; मोठ्याने, आवरता न येता. संघप्रिया पाण्याची गुंडी घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली.

रडणे ओसरल्यावर धुरपताबाई म्हणाल्या, "मले शिव्या दे. पण तो तांदूळ दे, माय. मी सोता जीपमंदी बसून घेऊन जातो. आजच्या आज शिजन. त्याच्या नावानं शिजन."

अंजनाबाईंनी गाडगे मांडीवर घेतले. आत हात घातला. दाणे बोटांतून गळू दिले, पुन्हा उचलले.

"खालचा त्याच्या हातचा हाय," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात जाच्या आंधी त्यानं काढलेला. वरचा माह्या हातचा. तो गेल्यावरबी संध्याकाळी मी त्याच्या वाट्याचा तांदूळ मोजत होती बाई, हात थांबत नोता. मोजला का आठवे. मंग सगळाच गाडग्यात टाको. मूठ नाई, सगळा वाटा. म्हटलं, आपण अकरा दिवस तिथचं खाल्लं, तर त्याचं जेवण तिथंच जाऊ दे."

"मंग दे ना वं."

"त्या दिवशी देववत होता. छातीवर दगड ठेवून ओट्यावर नेला होता मी. रित्या गाडग्यासंगं घरात याचं, असं मनाशी पक्कं केलं होतं." अंजनाबाईंनी गाडग्यावर तळवा झाकला. "आता नाई देववत. तो दिवस गेला, बाई. आता हे माह्याजवळ राहू द्या."

दान देणाऱ्याच्या मनाला एक घडी येते. त्या घडीला घेणारा दाराशी हवा. घडी सरली की देवही ती परत आणू शकत नाही.

त्या उठल्या. टोपली उचलली. तेवढ्यात अंजनाबाई आत गेल्या. दुपारच्या भातासाठी दोन माणसांपुरता तांदूळ मोजून ठेवला होता, त्यातली एक मूठ त्यांनी भरली आणि टोपलीत सोडली.

"हे आजचं हाय. आमच्या दोघींच्या ताटातलं. हे न्या."

त्या दिवशी खालच्या वस्तीतून तेवढीच मूठ गेली. संघप्रियाने मग घरोघरी सांगितले. पुढच्या शुक्रवारी नऊ घरांनी गाडगी ठेवली, पौष सरेपर्यंत पंधरा झाली. तीन घरांनी ठेवली नाहीत, अजून ठेवत नाहीत. धुरपताबाई त्या तीन घरांपुढेही क्षणभर उभ्या राहतात, आवाज देत नाहीत, पुढे जातात.

शेवटच्या घरी मात्र आता त्या पायरी चढतात. फोटोपुढच्या तांदळाला उन्हाळ्यात सोंडे लागले. अंजनाबाईंनी तो उन्हात घातला, तरी लागले. म्हणून शुक्रवारी, सारी घरे करून झाल्यावर, दोघी ओट्यावर बसतात. एकीच्या हातात सूप, दुसरी दाणा दाणा चाळते. पाखडतात, निवडतात, किडलेला दाणा चिमण्यांना टाकतात. गाडगे दर खेपेला थोडे हलके होते. खालचे दाणे कोणते आणि वरचे कोणते, हे आता अंजनाबाईंनाही सांगता येत नाही.

निवडून झाले की तांदूळ परत गाडग्यात जातो. धुरपताबाई तो मागत नाहीत. जीपचा हॉर्न वाजला, तरी शेवटचा दाणा आत पडेपर्यंत त्या उठत नाहीत.