मेस्त्रींच्या सोप्यावरचा खांब

केरीच्या शांताराम मेस्त्रींना कोणी स्वस्थ बसलेलं पाहिलं असेल, तर माझ्याकडून त्याला चहा. दुसऱ्यांची घरं उभी करण्यात त्यांचा जन्म गेला, पण स्वतःच्या घरात पाय ठरत नाही. कारण काय, तर सोप्यावरचा एक खांब.

घर आजोबांच्या हातचं, लाकडी सांगाड्याचं. मातीच्या भिंती नुसत्या आडोशाला. कौलांचा सगळा भार फणसाच्या खांबांवर. त्यातला एक वाळवीने खाल्ला, म्हणून मेस्त्रींनी नवा बसवला. खांब उभा करायचा तो झाड वाढलं तसा, बुंधा खाली, शेंडा वर. उलटा बसला तर घरातलं माणूस घरी टिकत नाही, असं सुतारांत मानतात. आणि नेमका त्याच आठवड्यात मुलगा सुदेश बोटीवर नोकरीला गेला. गेला तो गेलाच. दर चतुर्थीला 'येतो' म्हणतो, आणि मेस्त्री गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधून रस्त्याकडे बघत बसतात.

मग मनात किडा शिरला. खांब उलटा तर बसला नाही? बुंध्याच्या तोंडावर पटाशीने फुली मारली होती, पण ती आता खाली चिऱ्यावर दबली की वर तुळईखाली, ते दिसेना. तासलेल्या लाकडाचा बुंधा कुठला, हे वरून कळेना. मेस्त्री येता-जाता खांब वाजवायचे, त्याला कान लावायचे.

"अवो, काय सांगता तो तुमका?" बायको देवकी चिडवायची. हसायची मात्र नाही.

यंदा चतुर्थीच्या तोंडावर सुदेशचा फोन आला, जमणार नाही. मेस्त्री तडक उठले. आम्हा शेजाऱ्यांना हाका मारल्या, तुळईला टेकू दिले, जॅकने ती जराशी उचलली आणि खांब काढून आडवा केला.

फुली खालच्याच टोकाला होती.

मेस्त्री मटकन बसले. इतकी वर्षं लाकडावर ठेवलेलं दुःख आता कुठे ठेवायचं?

"खांबाचो दोष नाय," ते म्हणाले. "तेकाच येवचा नाय."

देवकी बाहेर आली. फुलीवरून तिने बोट फिरवलं.

"उलटो घाला," ती म्हणाली. "माका लोकांक सांगूक कायतरी व्हया."

जन्मात एकही खांब उलटा न बसवलेल्या त्या माणसाने आमच्याकडे पाहिलं.

"फिरवा रे," मेस्त्री म्हणाले.