ज्वारीच्या दाण्याएवढा डाग

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, दाराशेजारच्या भिंतीवर, दरवर्षी गेरूनं दोन आकडे लिहायची पद्धत होती. चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसले किती आणि उत्तीर्ण किती. गाव जिंतूर तालुक्यातलं, बोरीच्या पुढं आडबाजूला. शाळा दोन शिक्षकांची. हेडमास्तरांकडे पहिली-दुसरी, माझ्याकडे तिसरी-चौथी. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी भिंतीवर लिहिलं गेलं: बसले सहा, उत्तीर्ण तीन.

तालुक्याच्या बैठकीत विस्तार अधिकाऱ्यांनी सगळ्या शाळांचे निकाल वाचले आणि आमच्या शाळेपाशी थांबले.

"बाई, निम्मी पोरं पाडली की तुमी! पोरं निवडायलाबी अक्कल लागती."

सगळे हसले. माझा राग तसा नाकावरच असायचा. तो राग मी शाळेत आणला आणि पोरांवर काढला.

पुढच्या जूनपासून मी चौथीचे दोन भाग केले. सहाजण पुढच्या पट्टीवर, बाकीचे मागं. पुढच्यांना शाळेच्या आधी एक तास, शिवाय रोज दुपारी मनगटावरचं घड्याळ काढून सराव चाचणी. मागच्यांना शुद्धलेखन. तेच पान, परत तेच पान. पुढच्या एका मुलाच्या पोटात घड्याळ बघितलं की कळ यायची. मी म्हणायची, सोंगं करू नकोस. नऊ वर्षांचं लेकरू कशाला सोंग करेल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. तेव्हा डोक्यात फक्त भिंत होती.

त्या सहांत एक मुलगी होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि सतत काहीतरी तपासत असलेले डोळे. गणितात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण एका प्रश्नाला चार उत्तरं दिलेली असायची, त्यातलं एक निवडायचं, आणि इथंच तिचं गाडं अडायचं. बरोबर उत्तर सापडलं तरी बाईसाहेब उरलेली तीन चूक कशी, ते शोधत बसायच्या.

"अगं, काय करायलीस? पुढं चल की!"

"बाई, हे तिसरं कुटं चुकलं ते बघायले."

वेळ संपायची तेव्हा तिचा निम्मा पेपर कोरा असायचा. लिहिलेलं मात्र सगळं बरोबर. आज कुणी मला विचारलं की तुमच्या हाताखालून गेलेलं सगळ्यात हुशार मूल कोणतं, तर मी तिचंच नाव घेईन. तेव्हा मला ती भिंतीवरचा आकडा बिघडवणारी वाटत होती.

दिवाळीनंतर फॉर्म आले. चौथीपर्यंत पोरं पेन्सिलीनंच लिहायची. म्हणून मी एक लाड करायची: फॉर्मवर आपलं नाव ज्यानं त्यानं माझ्या शाईच्या पेनानं लिहायचं. आयुष्यात पहिल्यांदा हातात पेन. पोरं त्या दिवशी हात धुऊन यायची. हिनं नाव मोत्यासारखं लिहिलं, आणि शेवटचं अक्षर झाल्यावर पेन उचलायला क्षणभर उशीर केला. नावाच्या पुढं ज्वारीच्या दाण्याएवढा डाग पडला. तिचे डोळे भरले. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "काही होत नाही गं. एवढ्याशा डागाला कोण बघतंय?" ते वाक्य मी खरं बोलले होते.

नामांतराच्या आंदोलनामुळं एस.टी. कधी बंद पडेल याचा नेम नव्हता, म्हणून मुदतीच्या चार दिवस आधीच मी फॉर्म घेऊन जिंतूरला गेले. निघण्याआधी तिचा फॉर्म गठ्ठ्यातून काढला आणि कपाटातल्या जुन्या हजेरीपटात ठेवला. पाच दिले. म्हणजे परत आल्यावरही चार दिवस माझ्या हातात होते. त्या चार दिवसांत मी तो हजेरीपट उघडला नाही.

ती मात्र परीक्षेपर्यंत पुढच्याच पट्टीवर बसत राहिली. तिला उठवायचं धाडस मला झालं नाही. हॉलतिकिटं आली, मी पाच वाटली. ती हात पुढं करून उभीच. सगळी पोरं माझ्याकडे बघत होती.

"तुझा फॉर्म वरून नामंजूर झाला," मी म्हणाले. "डाग पडला होता ना."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. अडचणीत सापडले आणि समोर दिसलं ते उचलून तिच्याच माथ्यावर मारलं. ती रडली नाही. हात मागं घेतला, त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि दप्तर उचलून मागच्या पट्टीवर जाऊन बसली.

त्या वर्षी भिंतीवर आलं: बसले पाच, उत्तीर्ण पाच. बैठकीत नारळ देऊन माझा सत्कार झाला. मी तो घरी नेऊन फोडला, खोबऱ्याची चटणी केली, सगळ्यांना कौतुकानं वाढली. हे लिहितानाही मला लाज वाटते.

पाचवीला बोरीला जावं लागायचं. ती गेली नाही. मी घरी विचारायला गेले, तेव्हा तिचे वडील म्हणाले, "एक फॉर्म लिवता येईना बाई, पुढं काय शिकंल ती?" मला तिथंच बोलता आलं असतं. चहा पिऊन मी परत आले.

तीन वर्षांनी तिची धाकटी बहीण चौथीत आली. फॉर्म भरायच्या दिवशी दुपारी दारात कोणीतरी उभं राहिलं. तीच होती. कापूस वेचता वेचता आलेली, कमरेची ओटी अजून अर्धी भरलेली, बोटं बोंडांनी ओरखडलेली. धाकटी हात धुऊन, पेनासाठी माझ्या टेबलापाशी आलेली होती.

"बाई," ती दारातूनच म्हणाली, "हिच्या हातात पेन नका देऊ. तुमीच लिवा नाव. आमच्या घरच्यांचा हात लय वंगाळ हाय. माह्या एका डागापायी तुमाला किती वाईट वाटलं असंल."

कपाट माझ्या पाठीमागं होतं. त्यात तो हजेरीपट, त्यात तिचा फॉर्म. उठून दोन पावलं टाकायची होती. मी खुर्चीतून उठले नाही. पेनाचं टोपण काढलं आणि धाकटीचं नाव लिहायला लागले.

लिहून वर बघितलं. ती कधी आत आली ते मला कळलं नव्हतं. धाकटीच्या मागं उभं राहून तिनं तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरून ठेवले होते, आणि शाई वाळेपर्यंत सोडले नाहीत.