दाजी, मेव्हणा आणि मेलेला खेळ

सोयऱ्यांत भांडणं होतात ती बांधावरून, नाहीतर मानपानावरून. माझा नवरा आणि माझा धाकटा भाऊ मात्र कॉम्प्युटरवरच्या खेळांवरून भांडतात. भाऊ माजलगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एका आडतीवर कामाला आहे आणि आमच्याकडेच राहतो. नवरा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. दोघं घरी आले, हातपाय धुतले, चहा समोर आला की सुरू.

भांडण जुन्या पद्धतीच्या रोल-प्लेइंग खेळांचं. त्यात आपण एखादं पात्र व्हायचं, सोबती जमवायचे, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं. लढाई आली की आधी आपला डाव, मग समोरच्याचा. आपण डाव टाकेपर्यंत राक्षससुद्धा कुऱ्हाड उगारून तसाच उभा. भावाच्या मते खेळ म्हणावा तर हाच. नवऱ्याच्या मते हा प्रकार कधीच मेला.

"लढाईत कोणी थांबतं का बे? बटण दाबलं की वार झाला पाहिजे."

"दाजी, तुमच्या खेळात गोष्ट कुठं हाय? नुसती हाणामारी."

"अन् तुझ्यात नुसतं वाचन. आजकाल कोण खेळतंय सांग."

"लई लोक खेळतेत."

"कोण?"

"हायेत की लोक!"

हे रोज. मी मेथी निवडत असायचे आणि दोघं माझ्या डोक्यावरून एकमेकांकडे बोटं नाचवायचे. चीड याची यायची की दोघांपैकी एकही जण खेळत नव्हता. भाऊ अंबाजोगाईला कॉलेजात असताना शेवटचं खेळलेला. नवरा मोबाइलवर चार गोळ्या झाडून झोपायचा. दोघंही दुसऱ्यांनी खेळलेल्याचे व्हिडिओ बघायचे आणि त्यावर तावातावानं बोलायचे.

मग भावासाठी सिरसाळ्याचं स्थळ आलं. आई घाटनांदूरहून परस्पर येणार होती, पोरीला शेजारणीकडे ठेवून आम्ही तिघं माजलगावहून गाडीनं निघालो. निघताना मी दोघांना बजावलं, "आज त्या खेळाचं नाव काढायचं नाही. काय आवडतं विचारलं तर वाचन म्हण." भावानं मान हलवली. नवऱ्यानंही हलवली.

घर चांगलं होतं. मुलगी शिकलेली, शांत, विचारलं तेवढ्याचं सरळ उत्तर देणारी. मला आवडली. पोहे झाले आणि तिच्या वडलांनी भावाला विचारलंच, "कामाशिवाय आवड कशाची हाय?"

"वाचन," भाऊ म्हणाला. तिथं थांबायचं होतं. "अन् गेम. रोल-प्लेइंग."

"म्हंजी नाटकात काम करता?"

"नाटक न्हाई हो," नवरा मधेच म्हणाला. "कॉम्प्युटरवरचे जुने खेळ. आता कोणी खेळत न्हाई ते."

भावानं प्लेट खाली ठेवली. "दाजी, कावून असं बोलता तुमी? तुमाला म्हाईत तरी हाय का?"

"मला न्हाई म्हाईत? अख्ख्या जगाला म्हाईत हाय!"

मी पदराआडून नवऱ्याला कोपर मारलं. आई छताकडे बघायला लागली. मुलीचे वडील एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "पण तुम्ही रोज किती वेळ खेळता?"

"आता न्हाई खेळत," भाऊ ओशाळून म्हणाला. "वेळच मिळत न्हाई."

नवऱ्यानं मांडीवर थाप मारली. "बघा! सोताच कबूल झाला!"

आई निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला जरा आवर." जसं काही भाऊ तिचा मुलगा नव्हताच.

परतीच्या वाटेवर दोघांचं तेच. कोणी कोणाला तोंडघशी पाडलं, खेळ कोणाचा खरा, चूक कोणाची. तेलगाव मागे पडलं आणि मला सहन होईना. "गाडी थांबवा," मी म्हणाले. नवऱ्याला वाटलं मळमळतंय. त्यानं उसाच्या फडाशेजारी गाडी लावली.

"मी खेळते तो तुमचा मेलेला खेळ," मी म्हणाले. "कितीतरी महिने झाले. तुमच्या जुन्या लॅपटॉपवर, ओट्याजवळ. अन् का खेळते सांगू? दूध उतू जायचं थांबत नाही, नळ जायचा थांबत नाही, पोरीची शाळेची रिक्षा थांबत नाही. तुम्ही दोघं तर बोलायचे अजिबातच थांबत नाही. या अख्ख्या घरात माझ्यासाठी थांबतो तो एक राक्षस!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, चला, एकदाचं काहीतरी डोक्यात शिरलं.

"बघा दाजी," भाऊ हळूच म्हणाला. "लोक खेळतेत का न्हाई?"

"अरे, ती सैपाक करत खेळती," नवरा म्हणाला. "म्हंजी लक्ष द्यायचं कामच न्हाई त्यात. हेच तर मी कवाचं सांगतोय."

घर येईपर्यंत मी काच खाली करून बाहेर बघत बसले.

सिरसाळ्याहून नकार आला. मध्यस्थानं सांगितलं, मुलगा बरा आहे, पण दाजी-मेव्हण्याचं पटत नाही असं दिसलं. हे ऐकून दोघांना मनापासून धक्का बसला. "आमचं पटत न्हाई?" नवरा म्हणाला. "आमचं?" भाऊ म्हणाला. त्या संध्याकाळी दोघं एकाच ताटात शेंगा फोडत सिरसाळ्याच्या लोकांना नावं ठेवत बसले.

नकारानं भाऊ जरा खट्टू झाला होता. पुढच्या रविवारी त्यानं माझा खेळ मागितला. मलाही बरं वाटलं. इतकी वर्षं ज्याची बाजू घेतली तो खेळ पुन्हा हातात घेईल, मन रमेल. मी लॅपटॉप दिला आणि दळण आणायला गेले. आले तर नवरा त्याच्या शेजारी बसून हे कर, ते कर सांगत होता आणि भाऊ जांभया देत होता.

"लई हळू हाय गं हे," भाऊ म्हणाला. "पहिल्याच गुहेत मेलो."

मी लॅपटॉप ओढून घेतला आणि बघितलं. त्यानं नवा खेळ सुरू करून माझ्याच जागेवर सेव्ह केला होता. माझे सोबती, मी पार केलेली गावं, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात जिंकलेल्या लढाया, सगळं पुसलं गेलं होतं. तिथं त्याचा एक नवखा गडी गुहेच्या तोंडाशी मरून पडला होता.

"माझं सगळं गेलं रे," मी म्हणाले.

भावानं डोकं खाजवलं. "असल्यानंच लोक सोडतेत बघ हे खेळ."

"बरोबर हाय," नवरा म्हणाला.

खेळाबाबत दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या दिवशी दोघांना मी पिठलं-भाकरीवर भागवलं. दुसऱ्या दिवशी ते कामाला गेल्यावर वरण गॅसवर ठेवलं आणि पहिल्या गावापासून पुन्हा सुरुवात केली. लॅपटॉपला आता पासवर्ड आहे.